डीलरकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली तर पैसे परत कसे मिळवायचे

सेकंड हँड गाडी घरी आणून आठवडा होत नाही तोच टेम्परेचरचा काटा वर चढू लागतो, किंवा एसी लावला की कुबट ओलीचा वास येतो. अशा वेळी बहुतेक जण जवळच्या गॅरेजवाल्याला फोन करतात. तो येतो, 'हेड उतरवून बघावं लागेल' म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत इंजिनाचे भाग टेबलावर मांडलेले असतात. पैसे परत मिळण्याची निम्मी शक्यता तिथेच संपते. पुढे डीलर एवढंच म्हणतो, 'आम्ही दिली तेव्हा चांगली होती, तुमच्या मिस्त्रीनं बिघडवली.' ते खोटं ठरवायला तुमच्या हातात काही उरलेलं नसतं.

इथे दिलेली पद्धत सांगली, मिरज, सातारा, कराड भागात गाडी बाजारातून, म्हणजे जुन्या गाड्या विकण्याचा धंदा करणाऱ्याकडून घेतलेल्या गाडीसाठी आहे. शेजाऱ्याकडून, पाहुण्याकडून किंवा जाहिरात बघून थेट मालकाकडून गाडी घेतली असेल तर ग्राहक कायद्याचा आधार मिळत नाही. तिथे दिवाणी दाव्याचा रस्ता आहे आणि तो लांबचा आहे. गाडी पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यात फिरवण्यासाठी घेतली असेल तरीही तुम्ही कायद्याच्या भाषेत 'ग्राहक' नसता. मात्र स्वतः चालवून पोट भरण्यासाठी एकच टॅक्सी किंवा टेम्पो घेतला असेल तर तक्रार चालते.

पहिले तीन दिवस

गाडी उभी करा. मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो काढा. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा सकाळचा पहिला स्टार्ट सलग व्हिडिओत घ्या: आधी मीटर, मग स्टार्ट, मग मागे जाऊन सायलेन्सरचा धूर, मग बॉनेट उघडून आवाज. मध्ये कट नको. डॅशबोर्डवर दिवे लागले असतील तर तेही घ्या.

त्याच दिवशी डीलरला लेखी कळवा. फोनवर बोलणं झालं तरी मागोमाग व्हॉट्सअ‍ॅप टाका. मजकूर साधा ठेवा, चिडून लिहू नका:

'आपल्याकडून दि. … रोजी घेतलेली गाडी क्र. एमएच १० … आज … किमी रीडिंगला गरम होते आहे. रोज साधारण अर्धा लिटर कूलंट कमी होतं, बाहेर गळती दिसत नाही. गाडी वापर बंद करून घरी उभी केली आहे. आपण किंवा आपला माणूस येऊन पाहावं. मी गाडी उघडलेली नाही.'

हे शेवटचं वाक्य पुढे फार उपयोगी पडतं.

डीलर बहुधा म्हणेल, 'दोन दिवस सोडा, आमचा फिटर बघेल.' सोडायला हरकत नाही, पण कोऱ्या हातानं नको. त्याच्या लेटरहेडवर किंवा निदान साध्या कागदावर सहीशिक्क्यासह पोच घ्या: तारीख, किलोमीटर, तुमची तक्रार, गाडीतल्या वस्तू आणि 'लेखी संमतीशिवाय इंजिन अथवा गिअरबॉक्स उघडणार नाही' ही ओळ. पोच देत नसेल तर गाडी देऊ नका. पोचेशिवाय सोडलेली गाडी महिनाभर त्याच्या आवारात धूळ खाते आणि परत मिळते तेव्हा 'दुरुस्त झाली, आता काही तक्रार नाही' असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली जाते. ती सही करू नका. करावीच लागली तर सहीच्या वर 'गाडी ताब्यात घेतली, तक्रार कायम' असं स्वतःच्या हातानं लिहा.

ऑनलाइन कंपनीकडून घेतली असेल तर आधी अ‍ॅपमधली परतीची मुदत बघा. ती मोजक्या दिवसांची असते, डिलिव्हरीपासून मोजतात आणि सोबत किलोमीटरचीही मर्यादा असते. मुदतीत असाल तर पुढचं काही वाचण्याआधी अ‍ॅपवरून परतीची विनंती टाका आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा.

दोष कोणत्या जातीचा आहे

सगळ्या दोषांवर पैसे परत मिळत नाहीत. नव्वद हजार किलोमीटर झालेल्या गाडीची क्लचप्लेट झिजली, सस्पेन्शनचे बुश गेले, बॅटरी बसली, तर तो जुनेपणा आहे. यावर भांडून वेळ घालवू नका. फार तर दुरुस्तीच्या खर्चात वाटा मागा. पैसे परत मागण्याइतकं वजन असतं ते लपवलेल्या दोषांना आणि खोट्या माहितीला: पाण्यात बुडालेली गाडी, मागे फिरवलेला मीटर, चेसिसपर्यंत गेलेला अपघात, आणि कागदपत्रांतला घोळ.

पाण्यातली गाडी हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही महापूर सांगलीनं पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कराड आणि कोल्हापूरलाही पूर होता, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं. विमा कंपनी अशी गाडी टोटल लॉस ठरवून मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात काढते. लिलावात घेतलेली गाडी धुऊन, वाळवून, नव्या सीट कव्हरसह पुन्हा बाजारात येऊ शकते. ती चालतेही. मग हळूहळू वायरिंगच्या जोडांत हिरवट गंज धरतो आणि आज पॉवर विंडो, उद्या एबीएस, परवा भर रस्त्यात स्टार्टिंग बंद, असं सुरू होतं. इंजिनात पाणी गेलं असताना कोणी स्टार्टर मारला असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. असं इंजिन चालू होतं, पण ऑइल पितं आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी दाखवतं.

घरच्या घरी काय बघायचं: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून धरा. वरचा हात-दीड हात भाग स्वच्छ आणि आतल्या भागावर गाळाची आडवी रेघ, असं दिसलं तर ओळखून घ्या. स्टेपनी काढून त्या खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, रस्त्याच्या धुळीसारखा खरखरीत नसतो. सीटच्या रुळांचे बोल्ट, पॅडलच्या वरची लोखंडी पट्टी आणि स्टिअरिंगखालचा ओबीडी सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) टॉर्च लावून बघा, कारण धुणारा माणूस तिथवर पोचत नाही. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो मुळीच लागत नसेल तर एअरबॅगची सिस्टीम बिघडलेली असून दिवा मुद्दाम बंद केल्याची शक्यता मोठी आहे. एअरबॅगचा कंट्रोलर बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, अगदी फ्लोअरवर असतो. पाणी आधी तिथेच शिरतं. हे सगळं बघताना फोटो काढा, पण काही पुसू नका, खोलू नका. गाळ जागेवरच राहू द्या.

मीटर फिरवला असल्याचा संशय असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन सर्व्हिस हिस्ट्री मागा. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदलेले असतात. २०२१ साली ७८,००० आणि आज ५२,००० अशी नोंद निघाली की विषय संपला. ती प्रिंट शिक्क्यासह घ्या. काही मॉडेलमध्ये इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये वेगळे किलोमीटर साठवलेले असतात, ते स्कॅनरनं वाचता येतात. टायरवरचा चार आकडी कोडही बघा: ३१२१ म्हणजे २०२१ सालचा ३१ वा आठवडा. 'पंचवीस हजार किलोमीटर, ओरिजिनल टायर' म्हणून विकलेल्या २०१७ च्या गाडीला २०२१ चे टायर असतील तर प्रश्न विचारायला जागा आहे. हा जोडपुरावा, मुख्य भिस्त सर्व्हिस रेकॉर्डवरच ठेवा.

अपघाताची गाडी ओळखायला जुनी विमा पॉलिसी कामी येते. मालक तोच असताना पाच-सहा वर्षांच्या गाडीचा नो क्लेम बोनस शून्य दिसला तर आदल्या वर्षी क्लेम झालेला असू शकतो. बॉनेटखाली ॲप्रनवर (चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्यावर) आणि डिकीच्या तळाशी कंपनीचे स्पॉट वेल्ड ठराविक अंतरानं गोल ठिपक्यांसारखे दिसतात. तिथे गॅस वेल्डिंगची वाकडी रेघ किंवा जाड सीलंट दिसलं तर मार आतपर्यंत गेला होता असं समजा. बंपर, फेंडर रंगवलेला असणं हा मात्र दोष नाही.

कागदांचं बघायला परिवाहन या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाका. बोजा (कर्जाची नोंद) उतरला आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का, मालक कितवा, विमा कधीपर्यंत, हे कळतं. प्रलंबित ई-चलन वेगळं बघावं लागतं. जत, मिरज भागात केए (कर्नाटक) पासिंगच्या गाड्या पुष्कळ येतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. हा टॅक्स डीलरनं सांगितला नसेल तर तोही मागणीत धरा. दिल्लीकडून आलेल्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचंही तेच. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी.

न उघडता तपासणी

भांडण जिल्हा ग्राहक आयोगात गेलं तर तिथे 'माझा मिस्त्री म्हणतो' याला फारशी किंमत नाही. कागद हवा, आणि तो शक्यतो ज्याचा डीलरशी किंवा तुमच्याशी संबंध नाही अशाचा. सगळ्यात सोपा कागद म्हणजे त्या ब्रँडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड. गाडी टो करून न्या, टोइंगची पावती ठेवा. काउंटरवर 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि या तपासण्या मागा: सगळ्या कंट्रोलरचं स्कॅनिंग आणि एरर कोडची प्रिंट, कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट, कॉम्प्रेशन टेस्ट, दुरुस्तीचा लेखी अंदाज. यातल्या एकाही तपासणीला इंजिन उघडावं लागत नाही. कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडर-सिलिंडरमधला फरक साधारण १० टक्क्यांच्या आत असावा. एकच सिलिंडर खूप खाली असेल तर आकडे जॉब कार्डवर लिहून घ्या. हेड गॅस्केटचा संशय असेल तर कूलंटमध्ये जळलेला गॅस येतो का हे रसायनानं तपासता येतं, निळं द्रावण पिवळं पडतं. ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते, पण विचारा.

सर्व्हिस सेंटरवाले 'पूर्वी पाण्यात बुडाली होती' असं लिहायला टाळाटाळ करतात. त्यांना निष्कर्ष लिहायचा आग्रह करू नका. 'कार्पेटखाली गाळ आढळला, एअरबॅग कंट्रोलरच्या पिनांना गंज' एवढं निरीक्षण लिहून द्या म्हणा. निष्कर्ष काढायला विमा क्षेत्रातला परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअर गाठा. त्याचा फोटोंसह अहवाल घ्या, ज्यात गाडीचा चेसिस नंबर, रीडिंग, तपासणीची तारीख आणि 'हा दोष विक्रीच्या तारखेपूर्वीचा आहे का, असल्यास कशावरून' हे स्पष्ट असेल. सगळं प्रकरण या शेवटच्या प्रश्नाभोवती फिरतं. तपासणीची तारीख डीलरला दोन दिवस आधी कळवून 'हजर राहू शकता' असं लिहा. तो येत नाही, पण बोलावलं होतं ही नोंद राहते.

पैसे कोणाला दिले

तपासणीइतकंच महत्त्वाचं हे. डीलरचं ठरलेलं उत्तर असतं: 'आम्ही फक्त कमिशनवर गाडी दाखवली, व्यवहार तुमचा आणि मूळ मालकाचा.' टीटीओचे, म्हणजे गाडी नावावर करण्याचे, फॉर्म २९ आणि ३० मूळ मालकाच्या सहीचे असल्यामुळे हे उत्तर कागदावर खरंही दिसतं. ते मोडायला पुढच्या गोष्टी शोधून काढा: इसाराची पावती कोणाच्या नावाची, ऑनलाइन रक्कम कोणाच्या खात्यात गेली, डिलिव्हरी नोटवर कोणाचा शिक्का, जाहिरातीत कोणाचा नंबर, 'वन ओनर, नॉन अ‍ॅक्सिडेंट, शंभर टक्के जेन्युइन' हे शब्द कोणी टाकले. जाहिरात अजून दिसत असेल तर आत्ताच स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि लिंकसह. नोटीस गेली की ती उडते.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळी तरतूद आहे. डीलरनं आरटीओकडून फॉर्म २९बी हे अधिकृतपत्र घ्यायचं, आणि मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन जायला हवी. ती गेली की डीलर हाच त्या गाडीचा मालक मानला जातो. डीलरकडे २९बी आहे का, तुमच्या गाडीचा २९सी भरला होता का, हे सांगली (एमएच १०), सातारा (एमएच ११) किंवा कराड (एमएच ५०) यांपैकी संबंधित आरटीओकडे माहिती अधिकारात विचारा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. २९सी असेल तर 'मध्यस्थ' हा बचाव लंगडा पडतो. २९बीच नसेल तर विनाअधिकृतपत्र धंद्याची आरटीओकडे वेगळी तक्रार करा. या तक्रारीची धास्ती बऱ्याच जणांना पैसे परत द्यायला पुरते.

रोख दिलेले पैसे हा सगळ्यात कच्चा दुवा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यानं बंदी आहे, म्हणून डीलर पावती देत नाही. बँकेतून पैसे काढल्याची त्या दिवसाची नोंद, हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं आणि रक्कम मान्य करणारा डीलरचा एखादा मेसेज, यावर काम भागवावं लागतं. असा मेसेज नसेल तर नोटिशीआधी साधं विचारून मिळवा: 'एकूण ४ लाख ३५ हजार दिले त्याचं बिल अजून मिळालं नाही, कधी देता?'

किती आणि काय मागायचं

गाडीची किंमत, ट्रान्सफरचा खर्च, विमा हप्ता, टोइंग, तपासणी, कर्जावर भरलेलं व्याज: या प्रत्येकाची पावती असेल तेवढंच मागा. मानसिक त्रासासाठी लाखो रुपये लावू नका. आकडा फुगला की उरलेल्या मागणीवरचा विश्वासही कमी होतो. आणि पर्यायी मागणी जरूर लिहा: 'रक्कम परत, ते शक्य नसल्यास अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून दुरुस्तीचा संपूर्ण खर्च आणि किमतीतला फरक.' याला कारण आहे. २००६ साली मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं क्लचच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला, कारण वॉरंटीत फक्त सदोष भाग बदलण्याची अट होती. तिथे तर नवी गाडी होती. जुनीच्या बाबतीत आयोग आणखी सावध असतो. एक भाग बदलून भागत असेल तर पूर्ण परतावा अवघड. पुराची गाडी, फिरवलेला मीटर, खोटे कागद यांत मात्र पूर्ण परताव्याचाच आग्रह धरा, कारण खरं कळलं असतं तर तुम्ही गाडी घेतलीच नसती.

कर्ज असेल तर हप्ते थांबवू नका. फायनान्स कंपनीचा या भांडणाशी संबंध नसतो आणि सिबिल खराब होतो तो तुमचा.

नोटीस

वकिलाकडूनच हवी असं नाही. साध्या मराठीत, दोन पानांत, स्पीड पोस्टानं दुकानाच्या आणि माहीत असेल तर मालकाच्या घरच्या पत्त्यावर पाठवा. हीच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवरही. नमुना:

'आपण दि. … रोजी गाडी क्र. …, चेसिस क्र. … मला रु. ४,३५,०००/- या किमतीस विकली. विक्रीपूर्वी आपण जाहिरातीत व दि. … च्या संदेशात गाडी अपघातमुक्त व पाण्यात न गेलेली असल्याचे सांगितले. दि. … च्या सोबतच्या तपासणी अहवालानुसार गाडी विक्रीपूर्वी पुराच्या पाण्यात बुडालेली आहे. ही बाब आपण लपवून ठेवली. ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सबब ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत सोबतच्या तक्त्याप्रमाणे एकूण रु. … माझ्या खात्यात जमा करून गाडी परत घ्यावी. गाडी दि. … पासून … किमी रीडिंगवर उभी असून कधीही पाहता येईल. मुदतीत रक्कम न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील.'

पोलिसांत देण्याची धमकी नोटिशीत घालू नका. चेसिस नंबर खोडलेला असेल, गाडी चोरीची निघाली, आरसी बनावट असेल, तर थांबूच नका, सरळ पोलिस ठाण्यात जा. बाकीच्या प्रकरणांत पोलिस 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतात आणि मधले महिने वाया जातात.

मुदत चालू असताना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हा मार्ग बऱ्यापैकी चालतो. गल्लीतल्या गाडी बाजारवाल्यावर फारसा परिणाम होत नाही.

जिल्हा आयोगात

गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात. ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४००, त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,०००. गाडी पुण्यात किंवा कोल्हापुरात घेतली असली आणि तुम्ही तासगावला, विट्याला किंवा जतला राहत असलात तरी तक्रार सांगलीच्या आयोगात करता येते; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यातला आयोग खुला केला आहे. बिलामागे 'फक्त पुणे न्यायक्षेत्र' छापलेलं असेल तर दचकू नका. लवादाची अट असली तरी आयोगाचा दरवाजा बंद होत नाही.

मुदत २ वर्षं. ती कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून खरेदीच्या तारखेपासूनच मोजा आणि शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. मराठीत लिहिलेला चालतो, वकील सक्तीचा नाही. सोबत लागतं: तारीखवार हकीकत, प्रतिज्ञापत्र, आरसी, पावत्या, बँक स्टेटमेंट, जाहिरात आणि चॅटच्या प्रिंट, अहवाल, नोटीस आणि पोस्टाचं ट्रॅकिंग. चॅट, फोटो, व्हिडिओ यांसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. विरुद्ध पक्ष म्हणून डीलरची फर्म, तिचा मालक आणि, 'मध्यस्थ' हा बचाव येणार असं दिसत असेल तर, आरसीवरचा मूळ मालक, तिघांनाही घ्या. नंतर जोडायला गेलं की तारखा वाढतात.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर डीलरला म्हणणं मांडायला ३० दिवस, आणि फार तर आणखी १५. ४५ दिवसांपुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. दिवस मोजत राहा आणि उशीर झाला तर लेखी हरकत घ्या. दोष कागदावरून ठरत नसेल तर आयोगाला गाडी तपासणीसाठी पाठवता येते. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. कायद्यात निकालाला ३ महिने, तपासणी लागल्यास ५ महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात याहून जास्त लागतात, हे धरूनच गाडी कुठे उभी राहील ते ठरवा: छपराखाली, बॅटरीची वायर काढून, टायरखाली फळ्या, आणि उंदरांनी वायरिंग कुरतडू नये अशी जागा.

समोरून येणारी उत्तरं ठरलेली असतात. 'जशी आहे तशी घेतली असं तुम्ही लिहून दिलंय': ही ओळ दिसणाऱ्या, सांगितलेल्या दोषांपुरती, खोटं बोलून विकलेल्या मालाला तिचं कवच मिळत नाही. 'तुम्ही मिस्त्री आणून बघितली होती': मालविक्री कायद्याप्रमाणे तपासणीत जे दिसायला हवं होतं तेवढ्याच दोषांना हे लागू होतं, कार्पेटखालच्या गाळाला नाही. 'तक्रारीनंतरही गाडी चालवली': हे उत्तर मात्र खरोखर बोचतं. म्हणूनच पहिल्या दिवसाचा मीटरचा फोटो.

तडजोड झाली तर

बरीच प्रकरणं नोटिशीनंतर किंवा पहिल्या तारखेला मिटतात. डीलर पुढच्या तारखांचे चेक देऊ करेल. एकच चेक, जवळची तारीख आणि लेखी करारनामा यावर अडून बसा. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, त्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार. चेकची वैधता ३ महिने असते, 'थोडं थांबा' ऐकत ती घालवू नका. तडजोडीत 'आयोगातली तक्रार मागे घेतो' हे लिहायचं असेल तर 'संपूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर' हे शब्द त्याच वाक्यात हवेत.

आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. डीलर अपिलात गेला तर त्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

पैसे खात्यात आल्यावरच चावी द्या. गाडी देताना रीडिंग, दिलेल्या वस्तू आणि वेळ लिहिलेली पोच घ्या. गाडी तुमच्या नावावर चढली असेल तर फॉर्म २९, ३० वर सह्या करताना घेणाऱ्याचं नाव कोरं सोडू नका. डीलर 'गिऱ्हाईक मिळालं की भरतो' म्हणेल, तरी नाही. फास्टॅग बंद करा, कर्ज फेडलं असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन बोजा उतरवा. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीनं कोणाला उडवलं तर भरपाईसाठी तुम्हालाच मालक धरतात, असा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल आहे. म्हणून परिवाहनवर दुसऱ्याचं नाव दिसेपर्यंत विमा रद्द करू नका.